चिप्समधली भाजी

पावसाळ्यातला एक बुधवार. बाहेर संततधार, बाल्कनीत दोन दिवस न वाळलेले कपडे आणि ताटात दोडक्याची भाजी. मुगाची डाळ घालून, वर ओलं खोबरं पेरून, अगदी माझ्या आईच्या हातची असते तशी जमून आली होती, म्हणून मी जरा खुशीतच होते. लेक सात वर्षांची आहे, दुसरीत. तिनं पोळी वरणात बुडवून खाल्ली, भात कालवला आणि भाजी बोटानं हळूहळू सारत ताटाच्या कडेला नेऊन ठेवली. नाक मुरडलं नाही, हट्ट केला नाही. खेळून झाल्यावर खेळणं जागेवर ठेवावं तशी ठेवली. मी विचारलं, "भाजी?" तर म्हणाली, "मी आज भाजी खाल्लीय."

"कुठली?"

"बिटाची. चिप्समधली."

मी पुढे काही बोलले नाही. बोलणार तरी काय? ते तिला मीच शिकवलं होतं. आदल्या रविवारी किराणा भरायला गेलो तेव्हा ती बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट छातीशी धरून उभी होती, मागे रांग खोळंबलेली, आणि मी तिच्या हातातलं पाकीट काढून शेजारचं ठेवलं. जांभळट रंगाचं, वर बीट, गाजर आणि पालकाची चित्रं, पालकाच्या पानावर दवाचे थेंबसुद्धा. "हे घे, हे भाज्यांचे आहेत," असं मी म्हणाले. तिनं विश्वास ठेवला. मीही ठेवला, कारण मला ठेवायचाच होता. सकाळी साडेपाचला उठून छोट्या सुट्टीचा एक आणि मोठ्या सुट्टीचा एक असे दोन डबे भरायचे, त्यातला एक जवळजवळ रोज अर्धा परत यायचा, दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या तिनं आज काय खाल्लं असेल हा विचार डोक्यात घोळत राहायचा. अशा वेळी 'भाज्यांचे' एवढा एक शब्दही फार मोठा आधार वाटतो. तो आधार मी ४० रुपयांना विकत घेतला होता आणि बुधवारी रात्री माझ्याच लेकीनं तो माझ्यासमोर ठेवला.

ती झोपल्यावर मी स्वयंपाकघरातला दिवा लावून ते पाकीट उलटं करून वाचलं. घटकांच्या यादीत ज्याचं वजन जास्त ते आधी लिहावं लागतं. त्या यादीत पहिला होता बटाट्याचा स्टार्च, मग तेल, मग तांदळाचं पीठ, मग मसाला नि मीठ, आणि पार शेवटाकडे बिटाची पावडर, दोन टक्के. पालकाची त्याहून कमी. म्हणजे ३० ग्रॅमच्या त्या पाकिटात बीट होतं अर्ध्या ग्रॅमच्या जरासं वर, तेही सुकवून दळलेलं. चिमूटभर. रंगापुरतं. खाली पोषणाचा तक्ता होता. १०० ग्रॅमला मेद ३२ ग्रॅम, म्हणजे आमच्या पाकिटात जवळजवळ १० ग्रॅम, चहाचे दोन चमचे भरून तेल. सोडियम दिलेलं होतं मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं, हे मला ठाऊक होतं. करून मात्र कधी पाहिलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते, आणि लहान मुलांना त्याहून कमी. आपल्या घरात तेवढं तर वरण, भाजी आणि लोणच्यातूनच जातं. मला त्या कंपनीचा राग आला असं नाही. सगळं छापलेलं होतं, बारीक अक्षरात का होईना. समोरच्या बाजूचं चित्र पाहून घरी आले ती मी.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा नाकाशी वास आला तो खोबरेल तेलात तळल्या जाणाऱ्या गऱ्यांचा.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं रत्नागिरीकडे आजीच्या घरी जायचो. फणस पिकायच्या आधी, जून झालेला पण अजून कडक असा कापा फणस आजोबा उतरवून घ्यायचे. बरका नाही चालत, तो लिबलिबीत. मागीलदारी गोणपाट पसरायचं, विळीला आणि हातांना तेल चोपडायचं, आणि तरीही चीक लागायचाच. माझ्या एका फ्रॉकवरचा तो तपकिरी डाग शेवटपर्यंत निघाला नाही. चारखंडं, म्हणजे काटेरी सालं, गुरांना जायची, आठळ्या वेगळ्या टोपलीत पडायच्या, त्या पुढे पावसाळ्यात भाजीत किंवा चुलीत भाजून. कच्चे गरे पांढरट पिवळे, बोटांना थंड लागणारे. काकू ते उभे चिरायची, सगळे एकाच जाडीचे, न बघता, गप्पा मारत. आम्हा मुलांना आठळीवरचं पातळ साल सोडवायचं काम. चुलीवर मोठी लोखंडी कढई, आणि आजी पाटावर बसलेली, तोंड आगीनं लाल, पदर खोचलेला.

तिच्या शेजारी एका वाटीत हळदीमिठाचं पाणी असायचं. गरे अर्धेमुर्धे तळले गेले की ती त्यातलं चमचाभर पाणी सरळ त्या उकळत्या तेलात सोडायची. कढई खवळायची. फसफसून वर यायची, सगळीकडे वाफ, तडतड, आणि आम्ही किंचाळत मागे पळायचो. आम्हाला आधीच हातभर लांब उभं केलेलं असायचं. मग हळूहळू तो आवाज खाली बसायचा. चर्रचर्र कमी होत होत थांबायची आणि झाऱ्याला लागून गरे वाजायला लागायचे, वाळक्या शेंगेतल्या बियांसारखे, खुळखुळ. आजी डोळ्यांनी नाही, कानांनी तळायची. तो खुळखुळ आवाज आला की झारा वर. आणि वर काढल्यावर ती लगेच ताटात ओतायची नाही. झारा कढईच्या काठाला तिरका टेकवून धरायची, तेलाचा शेवटचा थेंब पडेपर्यंत. आम्ही अधीर होऊन हात पुढे केले की म्हणायची, "निथळू दे गो बाई, तेल खाणार का फणस खाणार?"

गरे निवले की पत्र्याच्या डब्यात भरले जायचे आणि डबा माळ्यावर. चार वाजता आजी तो उतरवायची. प्रत्येकाच्या ओंजळीत एक मूठ. तिची मूठ, म्हातारीची, लहानशी. त्या एका मुठीचं आम्ही काय काय करायचो! काही जण एकदम खाऊन टाकायचे, मी एकेक गरा चोखून आधी मीठ संपवायची आणि मग दाताखाली मोडायची. दुसरी मूठ मागितली तर मिळत नसे. डबा पुन्हा माळ्यावर जाई. त्यात शिस्त लावण्याचा वगैरे हेतू नव्हता. चार फणसांचे गरे तळून एक डबा भरलेला, आणि तो पुढे गणपतीला मुंबईहून येणाऱ्यांनाही पुरायला हवा, एवढाच सरळ हिशेब. आणि त्या चारच्या मुठीमुळे रात्रीच्या भाजीतून कुणाची सुटका झाल्याचंही आठवत नाही. गरे खाल्ले म्हणून भाजी खाल्ली असं म्हणायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. फणस अख्खाच्या अख्खा भाजीचा होता, तेलात पडल्यावर तो खाऊ झाला, आणि खाऊ म्हणूनच आमच्या हातात आला.

दुसऱ्या रविवारी मी घरी बिटाचे चिप्स करायला घेतले. मनात थोडी भरपाईची भावना होती. पाव किलो बीट, दोन मोठे. साल काढून स्लायसरवर काप पाडले. लेक ओट्याशी स्टुलावर उभी होती, तिनं एक काप उचलून खिडकीतल्या उजेडासमोर धरला आणि आतली वलयं मोजायला लागली. एकात एक गोल, गडद, फिका, पुन्हा गडद. "झाडाच्या खोडात असतात तशी," म्हणाली. तिचे हात, माझे हात, ओटा, चिरायची पाटी, सगळं किरमिजी. पहिला घाणा मी वेफर्सच्या सवयीनं कडकडीत तेलात सोडला. अर्ध्या मिनिटात कडा काळ्या, मधे मऊ, चव जळक्या साखरेची कडवट. दुसऱ्या घाण्याला आच मंद केली, काप आधी फडक्यात दाबून दाबून पुसले. बरे झाले. गर्द, वाकडेतिकडे, फुलांच्या सुकलेल्या पाकळ्यांसारखे. ताटात पसरून वजन केलं, ४५ ग्रॅमसुद्धा भरले नाहीत. तासाभरात त्यातले निम्मे पुन्हा वातड झाले.

पाव किलोचं काय झालं ते कळायला फार शास्त्र लागत नाही. बिटात शंभरातले ८७ ते ८८ भाग पाणी असतं. बटाट्यात ऐंशीच्या आसपास. कुरकुरीत करायचं म्हणजे ते सगळं पाणी घालवायचं. पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. तुकडा कढईबाहेर आला की आतली वाफ थंड होऊन आक्रसते आणि वर चिकटलेलं तेल पोकळ जागेत ओढलं जातं. म्हणजे चिप्स तेल पितात ते बरंचसं कढईतून बाहेर आल्यावर, पहिल्या मिनिटभरात. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कढईच्या काठाला तिरका टेकवलेला झारा आला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आजीनं हे कुठे वाचलं होतं? तिला तर सही करण्यापुरतं लिहिता येत होतं.

रंगाचंही तसंच. आजी काय, आई काय, दोघींचा एकच धाक, लाल होऊ देऊ नका. आई उन्हाळ्यात बटाट्याचे वेफर्स करताना काप तुरटीच्या पाण्यात टाकून ठेवायची, पुन्हा पुन्हा धुवायची, उकळत्या पाण्यातून काढून गच्चीवर धुतलेल्या लुगड्यावर एकेक मांडायची. आम्हाला वाटायचं हे सगळं पांढरे दिसावेत म्हणून. ते होतंच, पण धुण्यातून कापांवरची साखरही निघून जाते. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं, जे पोटात जितकं कमी जाईल तितकं बरं. ते बनतं साखर आणि अ‍ॅस्पॅराजिन नावाच्या अमिनो आम्लापासून, आणि तांबूसपणा वाढत जातो तसं तेही वाढतं. बीट, गाजर, रताळं यांत साखर मुळातच जास्त, म्हणून भाज्यांच्या चिप्सना उलट जास्त जपावं लागतं. ओव्हनमध्ये भाजले तर तेल वाचतं, पण करपवले तर हे द्रव्य तिथेही होतंच. आणि बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि मग कितीही जपा, वेफर्स लालच होतात. काही कारखाने हवेचा दाब कमी करून तळतात, त्यात पाणी कमी उष्णतेला निघून जातं आणि रंगही टिकतो. अख्ख्या भेंडीचे, फणसाचे असे चिप्स मी खाल्लेत, चांगले लागतात. त्यात भाजी खरोखरची असते. तरी तेल ते तेलच, आणि 'क' जीवनसत्त्व उष्णतेत बरंचसं गेलेलं असतं. बिटाबद्दल तर आपल्याकडे केवढी माया, रक्त वाढतं म्हणून! १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. तो लाल रंग रक्ताचा नव्हे, बिटाचा स्वतःचा. मीही लेकीला बाळपणी बिटाचं पाणी पाजत होते, अगदी भक्तिभावानं.

शाळेचा प्रश्न आहेच. महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्ससारखे पदार्थ काढायला सांगितले. २०२० मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं देशभरासाठी नियम केले, की जास्त मेद, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. चांगले नियम आहेत, मला ते मनापासून हवे आहेत. पण आमच्या घरून त्या जांभळ्या चिप्सचा डबा फाटकातून सरळ आत गेला, सोमवारपासून बुधवारपर्यंत, रोज. बाईंनी हटकलं नाही, कारण चिप्सवर बिटाचा रंग होता. शेजारच्या मुलीच्या आईनं तर माझ्याकडून पाकिटाचं नाव विचारून घेतलं. मी सांगितलंही. त्याची रुखरुख अजून आहे. तिला नंतर फोन करून सगळं सांगितलं, तर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, पण मग सकाळी द्यायचं तरी काय?" याचं एका वाक्यात उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेंगदाण्याचा लाडू, चणे-कुरमुरे, काकडीच्या चकत्या, रात्रीच भिजवलेल्या मटकीची उसळ, हे सगळं तिलाही माहीत होतं. माहीत असणं आणि पावणेसहाला हाताशी असणं यात फार अंतर पडतं. ज्या घरात दोन बायका पाटावर बसून गरे चिरत होत्या, चार मुलं साल काढत होती आणि एक आजी कढईशी होती, त्या घरातला डबा मला एकटीला, एका ओट्यावर, पाऊण तासात भरायचा असतो. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पण पाकिटावरच्या दवाच्या थेंबांना मी का भुलले ते सांगायचं तर हेही सांगायला हवं.

उपाय म्हणावा असं जे काही सापडलं ते सासूबाईंकडे. त्या मालवणकडच्या. मी बिटाच्या वातड चिप्सची वाटी त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी एक खाल्ला, आणि म्हणाल्या, "इतकं बारीक कशाला चिरलंस? काप कर की." काप! आमच्याही घरी व्हायचे, वांग्याचे, सुरणाचे, कच्च्या केळ्याचे, नीरफणसाचे, आणि मला ते चिप्सच्या संदर्भात एकदाही आठवले नव्हते, कारण ते जेवणात पानात पडायचे, वाटीत घेऊन टीव्हीसमोर नाही. सुरण त्यांनी स्वतः चिरलं. करंगळीच्या निम्म्या जाडीचे तुकडे, चिमटीत धरल्यावर न वाकणारे. कोकमाच्या आगळात बुडवून ठेवले, नाहीतर घसा खाजतो. मग तिखट, हळद, हिंग, मीठ चोळलं, रवा आणि तांदळाच्या पिठात दोन्हीकडून दाबले आणि बिडाच्या तव्यावर कडेनं चमचाभर तेल सोडून झाकण ठेवलं. वर रव्याचं पातळ कुरकुरीत कवच, आत वाफेवर शिजलेलं सुरण, मऊ, गरम. मी तेलाची बाटली आधी आणि नंतर पाहिली. सहा जणांच्या कापांना तीन चमचे गेले होते.

लेकीनं चार खाल्ले. पाचवा उचलून मोडून आत पाहिलं, "हे काय आहे?" तिची आजी म्हणाली, "सुरण." "हे चिप्स आहेत?" "नाही गं, काप." तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्या दिवशी डब्यात दिले तर परत आले, गार झाल्यावर रवा मऊ पडतो, आणि तिचं म्हणणं मला पटलं. बिटाचे काप तिला आवडले नाहीत. वांग्याचे तर बघायचीही तयारी नाही. कच्च्या केळ्याचे चालतात. दोडक्याच्या शिरा मी तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर परतून चटणी केली, ती भातावर घेते. दोडका मात्र अजून ताटाच्या कडेलाच. असं सगळं चाललंय, थोडं पुढे, थोडं मागे.

पाकीट मी बंद केलेलं नाही. शुक्रवारी छोट्या सुट्टीत ते असतं, जांभळं नव्हे, साधे बटाट्याचे वेफर्स, कधी कोपऱ्यावरच्या दुकानातले केळ्याचे, जिथे माणूस किसणी कढईवर आडवी धरून सोललेलं केळं थेट तेलावर घासतो आणि चकत्या पटापट पडत जातात. लेक तिथे अर्धा तास उभी राहू शकते. ती चकत्या मोजते, मी कान देऊन ऐकते, खुळखुळ कधी येते ते. घरी आलो की एक वाटी तिची, छोटी, वर जरा डोंगर करून. बाकीचा डबा वरच्या फळीवर.

गेल्या शुक्रवारी वाटी हातात घेतल्यावर तिनं विचारलं, "आई, केळ्याची पण भाजी असते ना? मग हे भाजीत धरायचे?"

"नाही. हा खाऊ आहे."

तिनं एक वेफर तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मग रात्री भाजी आहे?"

"आहे."

"कुठली?"

"दोडक्याची," मी म्हणाले, आणि तिनं वाटीतला पुढचा वेफर लगेच खाल्ला नाही. आधी त्याच्यावरचं मीठ चोखलं.